फोटोची सनद

आमच्या घरात दादीचा एकच फोटो आहे. दादा खुर्चीवर बसलेले, दादी बाजूला उभी, मागे पडद्यावर रंगवलेला महाल. खामगावच्या बाजाराला गेले असताना दोघांनी तो काढून घेतला होता, असं फुप्पी सांगतात. दादी नऊवारी लुगड्यात आहे. डोक्यावरून पदर घेतलेला, कपाळाजवळचे थोडे केस दिसतात. आमच्याकडच्या खेड्यांतल्या कित्येक मुसलमान बायकांचा तेव्हा हाच पेहराव होता.

चिखलीतलं आमचं जुनं घर कौलारू होतं. एका पावसाळ्यात गळतीचं पाणी फ्रेममध्ये शिरलं आणि फोटो काचेला चिकटला. कडा पिवळ्या पडल्या, दादांच्या खांद्यावर बुरशीचे ठिपके आले, आणि दादीचा चेहरा दरवर्षी थोडा थोडा फिका होत गेला.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो फोटो एका स्टुडिओत नेला. तिथल्या तरुणाने मोबाइलवर फ्रेमचा फोटो घेतला, एका ॲपमध्ये टाकला आणि दहा मिनिटांत नवा फोटो हातात दिला. रंगीत, चकचकीत. दादांची टोपी पांढरीशुभ्र, मागचा महाल गुलाबी. दादीचे गाल गुळगुळीत, ओठांना लाली. पदराच्या जागी गळ्याभोवती घट्ट बसलेला काळा हिजाब. मी खरं सांगते, मला तो आवडला होता. मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून मी फुप्पींकडे घेऊन गेले.

फुप्पींनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीजवळ धरला आणि विचारलं, "ये कौन है?"

"दादी हैं, फुप्पी."

"नई बेटा. मेरी अम्मा के मुँह पे देवी के दाग थे. ये कोई दुसरी बाई है."

मी जुनी फ्रेम पुन्हा निरखून पाहिली. खरंच होतं. फिक्या चेहऱ्यावरही देवीचे व्रण दिसत होते. इतकी वर्षं मी त्यांना फोटोवरचे डाग समजत होते. ॲपनेही तेच केलं. यंत्राला धुळीचा ठिपका आणि देवीचा व्रण यातला फरक कळत नाही. दादी लहानपणी देवीतून वाचली होती. त्या काळात ही साथ गावंच्या गावं पोखरून जायची. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. दादीच्या गालावरचे ते खड्डे म्हणजे आमच्या घरातला या इतिहासाचा एकमेव पुरावा. तो मी पैसे देऊन पुसून घेतला होता.

हिजाबाचं कोडं नंतर उलगडलं. तो तरुण म्हणाला, "मॅडम, कपडा नीट दिसत नव्हता, म्हणून मी सूचनेत 'मुस्लिम बाई' असं लिहिलं." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जिथे दिसत नव्हतं तिथे त्याने आजची कल्पना भरली. हिजाबाबद्दलही माझी तक्रार नाही. माझ्या शाळेतल्या कितीतरी मुली तो आवडीने घालतात. पण दादीने तो घातला नव्हता. ती वऱ्हाडातली मुसलमान बाई होती, लुगडं नेसायची, आणि ते लुगडं हाच तिचा इतिहास होता.

त्यानंतर मी हे काम स्वतः शिकायचं ठरवलं.

जुना कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. जिथे कण दाट तिथे काळं, जिथे विरळ तिथे उजळ. हवेतला गंधक, दमट हवा, किंवा धुताना कागदात राहून गेलेली रसायनं या चांदीवर परिणाम करतात. मग काळा रंग तपकिरी होतो, पुढे पिवळा, आणि बारीक तपशील आधी जातात. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, म्हणून बुरशीला ते आवडतं. ओलं झालं की फुगतं आणि काचेला चिकटतं. असा फोटो ओढून काढला तर चेहरा काचेवर राहतो आणि कोरा कागद हातात येतो. म्हणून पहिला नियम असा की चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नये, काचेसकट स्कॅन करावा. ओल्या फडक्याने पुसू नये. स्कॅन मोठ्या आकाराचं करावं, मूळ फाइल तशीच जपून ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावं.

दुसरा नियम शिकायला मला जास्त वेळ लागला. फिका पडलेला फोटो उजळवणं आणि नसलेलं त्यात भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजेड-काळोखाचं प्रमाण वाढवलं की चांदीच्या उरलेल्या कणांत जे लपलं आहे ते वर येतं. ती मरम्मत. पण जिथे कणच उरले नाहीत तिथे यंत्र दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधून नाक-डोळे काढतं. ती मिलावट. जुन्या वस्तू सांभाळणारे जाणकार दोन अटी पाळतात. केलेली दुरुस्ती पुन्हा काढून टाकता आली पाहिजे, आणि दुरुस्ती कुठे केली ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

या अटी मोडल्या तर काय होतं याचं मोठं उदाहरण आमच्या शेजारीच आहे. ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगा आमच्या बुलडाणा जिल्ह्यातून जातात, त्याच रांगांतली ती लेणी. मेजर रॉबर्ट गिल तिथे वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला करत राहिले. पुढे त्यांनी कॅमेरा हातात घेतला, आणि १८६० च्या दशकात आमच्या लोणारच्या मंदिरांचेही फोटो काढले. लेण्यांतली चित्रं तेव्हाच झडू लागली होती. १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेले पापुद्रे त्यांनी पक्के बसवले. ते काम मोलाचं होतं. पण वर लाखेचं वॉर्निशही दिलं. सुरुवातीला चित्रं झळकली, मग वॉर्निश पिवळं आणि काळपट होत गेलं, आणि पुढे पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावं लागलं. हेतू चांगला होता, पैसा होता, माणसं जाणकार होती. तरीही वरून दिलेल्या चमकेने मूळ झाकलं गेलं.

हे सगळं डोक्यात घोळत असताना जानेवारी २०२५ उजाडला.

आमच्या जिल्ह्यात जानेवारीचे पहिले बारा दिवस शाळांसाठी फार गडबडीचे. ३ तारखेला सावित्रीबाई फुले जयंती, १२ ला सिंदखेडराजाच्या जिजाऊंची. मधे ९ तारखेला फातिमाबी शेख. आम्ही उर्दू शाळेवाले हा दिवस आवर्जून करतो. आठवीच्या मुली मोबाइलवरून फातिमाबींचे फोटो उतरवून तक्ता बनवत होत्या. एका फोटोत साडी हिरवी, दुसऱ्यात निळी. एकीत डोक्यावर पदर, दुसरीत हिजाब. एकीत वय पंचवीस, दुसरीत पन्नास. एका मुलीने विचारलं, "टीचर, इनमें से असली कौनसी?" मी उत्तर देण्याआधीच दुसरी म्हणाली, "टीचर, भाई के मोबाइल में आया है के फातिमा शेख थीच नई. किसीने कहानी बनाई."

त्याच दिवसांत एका पत्रकाराने जाहीर केलं होतं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं होतं. देशभर गदारोळ उठला. आपल्या लोकांत संताप होता, पण संतापाने आठवीच्या मुलीचं समाधान होत नाही. तिला उत्तर हवं होतं. मलाही हवं होतं, कारण मुलींना शिकवणारी बाई म्हणून मी ज्यांच्या वाटेवरून चालते त्यांतलं पहिलं पाऊल मी फातिमाबींचंच मानत आले आहे.

आपल्याकडे हदीस तपासण्याची एक रीत आहे. एखादं वचन कितीही सुंदर असलं तरी आधी विचारायचं, हे तुला कोणी सांगितलं? त्याला कोणी? त्याच्या आधी कोणी? सांगणाऱ्यांच्या या साखळीला सनद किंवा इस्नाद म्हणतात, आणि सांगणाऱ्याला रावी. मराठीत सनद म्हटलं की इनाम जमिनीचा कागद आठवतो. अर्थ फार दूर नाही. हक्क सांगायचा तर कागद दाखवा. मी मुलींना म्हटलं, चला, फातिमाबींच्या फोटोची सनद शोधू.

फोटो आपल्यापर्यंत कसा आला याची हकीकत सावित्रीबाईंच्या साहित्याचे संपादक डॉ. मा. गो. माळी यांनी दिली आहे. पुण्यातून १९२४ ते १९३० या काळात 'मजूर' नावाचं नियतकालिक निघायचं. संपादक रा. ना. लाड. त्यांच्याकडून द. स. झोडगे यांना काही अंक मिळाले, आणि त्यांत सावित्रीबाईंचा फोटो सापडला. दुसरीकडे, लोखंडे नावाच्या मिशनऱ्याच्या पुस्तकात सावित्रीबाईंचा समूहफोटो छापलेला होता. तिसरा धागा एकनाथ पालकरांचा. त्यांच्याकडे मिशनऱ्यांच्या घरातून आलेल्या निगेटिव्ह होत्या. या वेगवेगळ्या वाटांनी आलेले फोटो ताडून पाहिले तेव्हा चेहरा जुळला. दोन बसलेल्या स्त्रिया आणि सोबत मुली असा जो फोटो आज शाळाशाळांत लागतो तो असा वर आला. त्यातली दुसरी बसलेली स्त्री म्हणजे फातिमा शेख, ही ओळखही आपल्याला याच साखळीतून मिळते.

म्हणजे साखळीत रावी आहेत, त्यांना नावं आहेत, आणि एकाहून जास्त वाटा आहेत. कोणी एका माणसाने संगणकावर बसून रचलेलं हे चित्र नाही.

दुसरा कागद याहून बोलका आहे. १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र. सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी गेल्या होत्या. तिथून त्या जोतीरावांना लिहितात की पुरती बरी झाले की पुण्याला येते, काळजी करू नका. आणि ओघात सांगतात की तिकडे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही. बस्स, एवढंच. हे पत्र महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये काढलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या माळींच्या ग्रंथात आहे. तेव्हा ना समाजमाध्यमं होती ना फॉरवर्ड. त्या छापील ओळीत असलेली फातिमा आज कोणी म्हटलं म्हणून नाहीशी होत नाही.

शिक्षिका म्हणून मला ती ओळ फार आपली वाटते. सहकारी रजेवर गेली की तिचे वर्ग कोणावर तरी येतात. कोणावर आले आणि ती काय म्हणेल, हे आजारी माणसाला अंथरुणात पडल्या पडल्या माहीत असतं. गौरवासाठी रचलेल्या वाक्यात असला तपशील येत नाही. तो रोजच्या सहवासातूनच येतो.

इथपर्यंत आपली बाजू भक्कम आहे. आता थोडं आपल्याच लोकांशी बोलायचं आहे.

या दोन धाग्यांभोवती आपण किती रंग भरला आहे? १८४९ मध्ये गोविंदरावांनी जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढल्यावर उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि उस्मान यांची बहीण फातिमा, हे चरित्रकार सांगत आले आहेत. पण आपण त्यापुढे गेलो. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख आपण पक्की करून टाकली. त्या काळचा कोणताही कागद या तारखेसाठी कोणी पुढे ठेवलेला नाही. मग २०२२ मध्ये गूगलने त्याच दिवशी त्यांचं चित्र मुखपृष्ठावर लावलं आणि तारखेवर जणू शिक्काच बसला. भाषणांत त्यांच्या तोंडी संवाद आले. पोस्टरवर त्यांची वाक्यं आली. दरवर्षी एक नवा प्रसंग. आणि सोबत रंगवलेले फोटो.

रंगाची गोष्ट तर मुलींनाही पटकन कळली. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. म्हणजे मूळ फोटो त्याआधीचा. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह बहुतेक करून निळ्या प्रकाशालाच दाद द्यायच्या. लाल रंग त्यांना जवळपास दिसतच नसे. त्यामुळे लालभडक साडी फोटोत काळी यायची आणि निळं आकाश पांढरं. करड्या छटेवरून मूळ रंग ओळखणं तिथे माणसालाही अवघड आहे, मग ॲप कुठून ओळखणार? शिवाय 'मजूर'सारख्या अंकातला छापील फोटो म्हणजे हाफटोन ब्लॉकचे ठिपके. भिंगाखाली फक्त जाळी दिसते. त्या ठिपक्यांत डोळ्यांच्या पापण्या नाहीत. पापण्या दिसत असतील तर त्या फातिमाबींच्या नाहीत, यंत्राच्या आहेत.

जिजाऊंचं उदाहरण मी मुलींना दिलं. त्यांच्या काळात कॅमेरा नव्हता. आपण पाहतो ती सगळी चित्रं नंतरच्या चित्रकारांची, आणि बघणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून कोणी फसत नाही. फोटोचं तसं नाही. फोटो सांगतो की हे माणूस या उजेडात खरंच बसलं होतं. त्या साक्षीत आपण आपल्या हाताने भर घातली की साक्षच कमकुवत होते. उद्या कोणी उठून हिरवी साडी खोटी, तारीख खोटी, संवाद खोटे असं एकेक दाखवत जाईल, आणि ऐकणारा म्हणेल, मग बाईही खोटीच असेल. वॉर्निश आपण दिलं. काळं पडलं की लोक वॉर्निशला दोष देत नाहीत, चित्रच बाद करतात.

ज्या समाजाकडे आपल्या बायकांचे फोटो कमी, कागद कमी, त्याला हा मोह जास्त होतो हे मला मान्य आहे. रिकामी जागा टोचते. दादीच्या फोटोपुढे मलाही टोचली होती. पण आपली एक फातिमा आहे, तिच्यासाठी एक ओळ आणि एक फोटो आहे. ती अमानत आहे. अमानतीत काही कमी करायचं नसतं, तसं आपल्या पदरचं मिसळायचंही नसतं.

त्या वर्षी आम्ही तक्ता पुन्हा बनवला. रंगवलेले सगळे फोटो काढले. मध्यभागी जुना कृष्णधवल फोटो, आहे तसा, धूसर. त्याखाली मुलींनी उर्दू आणि मराठीत तीन ओळी लिहिल्या: हा फोटो कोणाकडून कोणाकडे आला, १८५६ च्या पत्रात काय आहे, आणि कोणत्या गोष्टी चरित्रकारांच्या सांगण्यावरून आपण मानतो. जन्मतारखेच्या जागी 'स्मरणदिन' असं लिहिलं. दिवस तोच ठेवला, दावा सोडला. विचारणाऱ्या मुलीने तक्ता लावल्यावर त्याचा फोटो काढून भावाला पाठवला. भावाचं उत्तर काय आलं ते तिने सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "टीचर, वो 'मजूर' पर्चे के अंक देखने को मिलेंगे क्या?" एवढं मला पुरलं.

दादीच्या फोटोचं कामही तोपर्यंत झालं होतं. काचेसकट स्कॅन केलं, पिवळेपणा कमी केला, बुरशीचे ठिपके एकेक करून काढले. चेहऱ्याजवळ आले की प्रत्येक ठिपक्याला फुप्पींना फोन लावायचा, हा डाग की व्रण? काही ठिकाणी त्यांनाही आठवेना. ते मी तसेच ठेवले. खालचा उजवा कोपरा पार गेला होता, दादीच्या पावलांसकट. तिथे मी फक्त करडा रंग ठेवला आहे. मागे पेन्सिलीने लिहिलं, 'इथला भाग पाण्याने गेला.'

फुप्पींना प्रिंट दिली तेव्हा त्यांनी दादीच्या डाव्या गालावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाल्या, "हाँ. अब है अम्मा."